द्वारकेतलं मस्कत

गेल्या वर्षीच्या जुलैपासून यंदाच्या जूनपर्यंत, म्हणजे जवळजवळ अकरा महिने, मी मस्कतला होतो. पत्ता असा: तिसरा मजला, मागचा ब्लॉक, द्वारका, नवी दिल्ली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसत नसे, समोरच्या आंटींच्या वाळत घातलेल्या रजया दिसत.

माझं नाव गुणवंत नगराळे. हे नाव आईवडिलांनी ठेवलं. त्यांना दोष देत नाही, पुढचं त्यांना तरी काय माहीत. मूळ वरोऱ्याचा. गुडगावच्या एका कंपनीच्या गोदामात एकोणीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा मॅनेजर म्हणून. मग कंपनीनं गोदाम एका बाहेरच्या एजन्सीकडे सोपवलं. एजन्सीनं रॅक ठेवले, फोर्कलिफ्ट ठेवल्या, उंदरांसाठी पाळलेली मांजरसुद्धा ठेवली. मला ठेवलं नाही. तेव्हा मी सत्तेचाळीसचा होतो आणि दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळवतो, असं बायकोला छाती पुढे काढून सांगितलं होतं.

बायको, समता, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर आहे. ती म्हणाली, "बघू." सरकारी माणसाच्या 'बघू'चा अर्थ मला लग्नानंतर वीस वर्षांनी तरी कळायला हवा होता.

पहिल्या वर्षात मी बावीस मुलाखती दिल्या. समोर बसलेली मुलं मला 'सर' म्हणत आणि सर म्हणत म्हणतच नाही म्हणत. एकानं विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? मी म्हणालो, चोपन्नाव्या वर्षात. तो हसला नाही. मीही नंतर मेट्रोत हसलो नाही.

दरम्यान घर समताच्या एकट्या पगारावर आलं. गाडी विकली. एसीवर जुनी चादर पडली ती पडलीच. आमची एकुलती एक मुलगी लुंबिनी तेव्हा अकरावीत होती. तिनं कोचिंग क्लास सोडला आणि 'तिथे नुसता टाइमपास होतो' असं आम्हालाच समजावलं. माझा त्याग म्हणाल तर मी दोन वर्तमानपत्रांपैकी एक बंद केलं, आणि तेही आठवडाभर कुरकुर करून. घरकाम मात्र माझ्याकडे आलं आणि मी ते गोदामासारखं चालवलं. जे आधी आलं ते आधी संपलं पाहिजे, म्हणून डब्यांवर तारखा चिकटवल्या. तूरडाळीच्या डब्यावर 'आवक' लिहिलेलं पाहून समता म्हणाली, "आता कुकरला गेट पास देऊ नका म्हणजे मिळवलं."

अशात मस्कत आलं. तिथल्या एका कंपनीनं व्हिडिओवर माझी मुलाखत घेतली. चक्क अर्धा तास. शेवटी समोरचा गृहस्थ म्हणाला, "वेलकम टू मस्कत, मिस्टर नगराळे, पत्र पाठवतो." पत्र येईपर्यंत थांबावं एवढी साधी अक्कल गोदामातल्या मांजरीलाही असते. मी खाली जाऊन एक किलो पेढे आणले आणि सगळे वाटून टाकले.

इथे आमच्या मंडळाबद्दल सांगायला हवं. द्वारका आणि आसपासच्या विदर्भ-मराठवाड्याकडच्या साठ-सत्तर बौद्ध घरांचं आमचं मैत्री मंडळ आहे. बहुतेक सगळे सरकारी नोकरीत, त्यामुळे मंडळही मंत्रालयासारखंच चालतं. विषयपत्रिका निघते, प्रस्ताव येतो, अनुमोदन होतं, इतिवृत्त लिहिलं जातं. सहलीला जायचं तरी आधी टिपणी फिरते. सरचिटणीस आहेत हणमंतराव सोनकांबळे. उदगीरकडचे, अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले, पण ते फक्त सरकारला माहीत आहे. आणि मंडळाची एक जुनी रीत आहे: कुणी परदेशी निघालं की सभेत त्याचा निरोप समारंभ करायचा.

माझाही झाला. हणमंतराव दहा मिनिटं बोलले. वरोऱ्याच्या झेडपी शाळेपासून मस्कतपर्यंतचा माझा प्रवास त्यांनी असा काही रंगवला की माझाच माझ्याबद्दल आदर वाढला. शाल मिळाली, पुस्तक मिळालं, आणि मंडळातर्फे चाकांची मोठी निळी बॅग. मी भाषणात तरुणांना 'संयम सोडू नका' असा उपदेश केला. टाळ्या पडल्या.

चौथ्या दिवशी ईमेल आली. जागा तूर्त भरायची नाही असं ठरलं आहे, तुमच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.

समता म्हणाली, "आत्ताच्या आत्ता हणमंतरावांना फोन करा आणि खरं सांगून टाका. काय होईल? चार दिवस बोलतील."

"अगं, शालीची घडीसुद्धा अजून मोडली नाही," मी म्हणालो. "महिनाभर थांबू. जागा पुन्हा निघेल. मग खरंच जाईन, कुणाला कळणारही नाही."

"आणि महिनाभर तुम्ही कुठे असणार?"

"घरीच. कोण बघतंय?"

अशा रीतीनं मी मस्कतला रुजू झालो.

लपून राहणं हे पूर्ण वेळेचं काम आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सोसायटीतल्या पंजाबी आणि हरयाणवी शेजाऱ्यांची अडचण नव्हती, त्यांच्यासाठी मी 'वर्क फ्रॉम होम' होतो. मराठी माणूस दिसला की मात्र मी मस्कतला असे. भाजीला मी तीन सेक्टर पलीकडच्या मंगळ बाजारात टोपी घालून जाई. नोव्हेंबरात दिल्लीची हवा नेहमीप्रमाणे बिघडली आणि घरोघरी लोकांना खोकला लागला, तेव्हा या शहरात मी एकटाच खूश होतो, कारण सगळ्यांच्याच तोंडावर मास्क आले. प्रदूषणानं फेब्रुवारीपर्यंत माझी अब्रू राखली.

मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. मी सहाला उठे, पण मंडळाच्या ग्रुपवरचं 'सुप्रभात' साडेसातपर्यंत दाबून ठेवी. कुणी तिथल्या हवेबद्दल विचारलं तर मोबाइलमध्ये बघून सांगे, आणि वर 'दमट फार आहे हो' असं जोडून देई. एकदा खरोखरच घाम पुसत लिहिलं. वीजबिलाच्या भीतीनं पंखाही बंद होता.

जानेवारीत मी आठवडाभर 'सुट्टीवर' आलो. ती कल्पना माझीच. मला वाटलं, एकदा राजरोस फिरून घेऊ. पण मस्कतहून आलेला माणूस हात हलवत कसा जाणार? म्हणून करोल बागेतून खजुराची दोन पाकिटं घेतली आणि दुकानाचं स्टिकर नखानं खरवडत अर्धा तास बसलो. त्यातलं एक हणमंतरावांकडे दिलं. त्यांच्या पत्नी प्रभाताईंनी विचारलं, "तिथं काय भाव असतो याचा?" मी रुपयांत सांगितला.

समतानं या सगळ्यात मला एका शब्दाची मदत केली नाही. तिला कुणी विचारलं, "नगराळे काय म्हणतात?" की ती म्हणे, "बरे आहेत." यात खोटं काहीच नव्हतं. पण मंडळाच्या कार्यक्रमांना ती एकटी जाऊन पहिल्या अर्ध्या तासातच परत येऊ लागली. मी विचारलं तर म्हणे, ऑफिसचं काम आहे. मला कळत होतं. मी भाजी चिरत राही.

मे महिन्यात लुंबिनीचा बारावीचा निकाल लागला. क्लास सोडूनही मुलीनं आमच्या दोघांच्या मार्कांची बेरीज होईल एवढे मार्क मिळवले, आणि आर्किटेक्चरला तिचा नंबर लागणार हे नक्की झालं. पहिल्या वर्षाची फी जुलैत भरायची होती. समतानं ऑफिसातून जेवढं मिळण्यासारखं होतं तेवढं आधीच उचललं होतं. फी भरली नाही तर सीट जाणार, एवढं सरळ होतं.

मंडळाची एक शिष्यवृत्ती आहे. सभासदाची नोकरी गेली असेल तर त्याच्या मुलाची किंवा मुलीची पहिल्या वर्षाची फी मंडळ भरतं. अट एकच, सगळी माहिती खरी हवी. लुंबिनी अर्ज घेऊन स्वयंपाकघरात आली. मी पोळ्या लाटत होतो.

"बाबा, फादर्स ऑक्युपेशनमध्ये काय लिहू?"

मी लाटणं ठेवलं नाही. "काय पर्याय आहेत?"

"मस्कत लिहिलं तर स्कॉलरशिप नाही मिळणार. खरं लिहिलं तर तुम्ही…" तिला मराठी शब्द सापडेना. "तुम्ही एक्स्पोज होणार ना."

तिनं अर्ज फ्रिजवर चुंबकाखाली लावला. तो रकाना कोरा होता. मुदत पंधरा जून. ती पुढे एक शब्दही बोलली नाही, आणि तेच जड गेलं. भांडली असती तर मी भांडणात तरी हुशार आहे.

तीन दिवस मी पाणी घ्यायला फ्रिजजवळ जायचं टाळलं. चौथ्या दिवशी मला तोड सुचली. "आपण असं सांगू," मी समताला म्हणालो, "की मस्कतची नोकरी गेली. मी परत आलो. म्हणजे अर्जही खरा आणि…"

समतानं हातातला डबा इतक्या जोरात ठेवला की वरची तारखेची चिठ्ठी उडाली. "म्हणजे जिथं गेलाच नाहीत तिथून परत यायचं? हणमंतराव पासपोर्ट मागतील. तीन प्रतींत मागतील! गुणवंत, अकरा महिने मी तुम्हाला काही बोलले नाही. पण पोरीची सीट गेली ना तुमच्या त्या मस्कतपायी, तर मी तुम्हाला माफ करणार नाही. यह मैं अभी बता रही हूँ."

ती मला नावानं हाक मारत नाही. आणि घरात हिंदी बोलत नाही. दोन्ही एकदम झालं तेव्हा मला खरी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निळी बॅग घेऊन हणमंतरावांच्या दारात उभा राहिलो. बॅग परत करावी, म्हणजे निदान सुरुवात तरी सोपी होईल, असा माझा हिशेब. त्यांनी दार उघडलं, बॅग पाहिली आणि चेहरा फुलवून म्हणाले, "जय भीम, जय भीम! वा! डायरेक्ट एअरपोर्टवरून?"

आली का पंचाईत! मी म्हणालो, "जय भीम. घरून. सेक्टर बारातून." आणि मग आत जाऊन, पाणी प्यायच्या आधीच, सगळं सांगून टाकलं. पेढ्यांपासून सुप्रभातपर्यंत.

मला वाटलं होतं हणमंतराव पाठीवर हात ठेवतील. उलट त्यांचे कान लाल झाले. "नगराळे, मी तुमच्यावर दहा मिनिटं बोललो. रात्री बसून टिपण काढलं होतं. चार पोरांना तुमचं उदाहरण देत फिरलो. एक फोन करता येत नव्हता तुम्हाला?"

मी म्हणालो, "लाज वाटली."

"मग आता कसे आलात?"

"मुलीचा अर्ज आहे."

ते उठले. कपाटातून मंडळाची नोंदवही काढली, चष्मा लावला आणि पान माझ्यापुढे धरलं. जुलैची सभा, विषय क्रमांक सहा: श्री. गुणवंत नगराळे मस्कत येथे रुजू होत असल्याबद्दल त्यांचे हार्दिक अभिनंदन करण्यात आले.

"हे पुढच्या सभेत वाचून कायम झालेलं आहे," ते म्हणाले. "तुमचा अर्ज खरा असेल तर हे इतिवृत्त खोटं. हे खरं असेल तर अर्ज खोटा. दोन्ही मी एका कपाटात ठेवू शकत नाही."

"मग खोडून टाका."

"खोडून?" त्यांना मघापेक्षा जास्त धक्का बसला. "कायम झालेल्या इतिवृत्तात सरचिटणीस खाडाखोड करत नसतो. दुरुस्ती सभेत मांडावी लागते. येत्या रविवारी सभा आहे, चौदा तारखेला. तुम्ही उभं राहून मांडायची, कुणीतरी अनुमोदन द्यायचं. मंजूर झाली की मी तिथल्या तिथे अर्ज दाखल करून घेतो."

"सगळ्यांसमोर?"

"निरोप कुणासमोर घेतला होता?"

प्रभाताई चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात देत शांतपणे म्हणाल्या, "खजूर मात्र छान होते हो. करोल बागेत चांगले मिळतात." बॅग त्यांनी ठेवून घेतली नाही. माळ्यावर जागा नाही म्हणाल्या.

रविवारी कम्युनिटी हॉल भरला होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत दोन कूलर घरघरत होते. मी आत शिरलो तेव्हा चार-पाच जण आनंदानं पुढे आले, "अरे, कधी आलात?" मी "सांगतो, सांगतो" करत समताशेजारी जाऊन बसलो. ती दारापासून तिसऱ्या रांगेत बसली होती आणि समोर बघत होती. लुंबिनी मागे मुलींमध्ये होती.

वंदना झाली. हणमंतरावांनी विषय पुकारला: "मागील इतिवृत्तातील दुरुस्ती. श्री. नगराळे."

मी कागदावर लिहून आणलं होतं, कारण तोंडी सांगायचा माझ्यावर मलाच भरवसा नव्हता. वाचलं, "गेल्या जुलैच्या सभेच्या विषय क्रमांक सहामधील, श्री. गुणवंत नगराळे मस्कत येथे रुजू होत असल्याबद्दल, हा मजकूर वगळण्यात यावा. कारण सदर इसम मस्कतला गेलाच नाही."

मागून दोघे-तिघे मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं गंमत चालली आहे, आणि एकानं टाळीही दिली. त्या क्षणी मला कुणी पर्याय दिला असता तर मी खरंच मस्कतपर्यंत पळत गेलो असतो. कागद संपला होता. पुढचं न वाचता बोलावं लागलं.

"हसू नका," मी म्हणालो. "म्हणजे, हसा. पण खरं आहे. ती नोकरी मिळालीच नाही. मी इथेच होतो, घरात. मला सव्वादोन वर्षं काम नाही. घर समता चालवते. मी तुम्हा सगळ्यांना रोज सकाळी खोटं लिहिलं. माफ करा."

हसणं थांबलं. ज्यांनी कधी आलात म्हणून विचारलं होतं ते आपापल्या चपलांकडे बघत होते. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही चपलाच बघितल्या असत्या.

"दुरुस्तीला अनुमोदन?" हणमंतरावांनी विचारलं.

कुणी हात वर केला नाही. आमच्या सभेत चहाच्या ठरावाला सुद्धा सहा हात वर होतात. पण याला कोण अनुमोदन देणार? हा माणूस बेकार आहे, असं चारचौघांत उठून म्हणायचं, आणि तेही त्याच्यासमोर. ते माझ्यावर दया करूनच गप्प होते, आणि त्या दयेनं अर्ज बाहेर राहणार होता. शेजारी समता उठायला लागली.

"मी देते," मागून आवाज आला.

लुंबिनी उभी होती. हणमंतरावांनी चष्म्यावरून बघितलं. "आपण सभासद आहात का?"

"हो काका. मार्चमध्ये अठरा कम्प्लीट झाले. पावती आहे."

"अनुमोदकाला स्वतः माहिती असायला हवी. आपल्याला कशी माहिती?"

हा नियम त्यांनी तिथल्या तिथे काढला की खरंच आहे, मला अजून ठाऊक नाही. लुंबिनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"बाबा घरीच होते," ती म्हणाली. "बिल्कुल घरीच. रोज मी शाळेतून यायचे ना, तेव्हा दार तेच उघडायचे. गरम जेवण असायचं." मग ती थांबली, आणि मला वाटलं झालं. "पण आधी आयहोलमधून बघायचे, आपलं कोणी आहे का बाहेर. मी बेल वाजवून उभी असायची. मागे कोणी असलं तर बाबा उघडायचेच नाहीत, मग मी खाली जाऊन फिरून परत यायचे. दार उघडायचे ते मला आवडायचं. ते बघायचे ना, ते नाही आवडायचं."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे मी बघायचो हे माहीत होतं, उघडत नसे हेही माहीत होतं, पण दाराच्या त्या बाजूला दप्तर घेऊन उभ्या असलेल्या पोरीला ते दिसतं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. अकरा महिने मला फक्त माझीच अब्रू दिसत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. लपवायचा कंटाळा आला होता.

हणमंतरावांचं पेन वहीवर थांबलं होतं. "नगराळे," ते जरा हळू आवाजात म्हणाले, "हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

"घ्या," मी म्हणालो. "जसंच्या तसं घ्या."

त्यांनी लिहिलं. मी उभाच होतो, बसायचं असतं हे सुचत नव्हतं. समतानं शर्टाचं टोक ओढून मला खाली बसवलं आणि टोक हातात तसंच धरून ठेवलं. दुरुस्ती मंजूर झाली, अर्ज दाखल झाला, आणि जुलैत मंडळानं लुंबिनीची फी भरली. मला अजून नोकरी नाही. ती आता कॉलेजातून पाचच्या सुमारास येते, कधी मैत्रिणी बरोबर असतात, कधी खालचे शेजारी. बेल वाजते, मी जाऊन दार उघडतो.